खापरांची अक्षरे



बाजारात मडके घेताना आपण काय करतो? टिचकी मारून पाहतो. खण्‌कन वाजले, की समजतो, भाजणी पक्की आहे. आज आपण अशाच खणखणीत मडक्यांची माहिती घेऊ. ती आहेत इराणातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची.

त्या काळी इराणात पार्थियन राजांचे राज्य होते. इसवी सनापूर्वी २४७ च्या सुमारास ते उदयाला आले. पुढे इराकही त्यांच्या हाती गेला. इसवी सन २२४ मध्ये ते राज्य बुडाले. रोमच्या बलाढ्य फौजांना या राजांनी दाद दिली नाही. पण त्यांनी स्वतः लिहिलेला त्यांचा इतिहास आज आपल्याजवळ नाही. त्यांच्याविषयी लिहिले ते बहुतेक ग्रीक आणि रोमन लोकांनी. म्हणजे परक्यांनी, पुष्कळदा शत्रूंनी. त्यात राजे आणि लढाया सापडतात. गोरगरिबांच्या घरातली चूल सापडत नाही.

मग ती कुणाला विचारायची? खापरांना! मडके फुटते, पण खापर कुजत नाही.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मडक्यांचेही तसेच. पश्चिम इराणच्या डोंगराळ मुलखात पातळ, लालसर, कडक भाजलेली भांडी मिळतात. ती खणखणतात, म्हणून संशोधकांनी त्यांना नावही त्या आवाजावरूनच दिले. इराकच्या सपाट मुलखात मात्र हिरव्या-निळ्या झिलईची भांडी मिळतात. राज्य एक, पण कुंभाराचा हात वेगळा! हारिंक नावाच्या संशोधकाने १९८३ साली इराणातल्या अशा भांड्यांची प्रदेशवार मांडणी केली.

या भांड्यांवरून कोण कुणाला भेटले, हेही कळते. पार्थियनांच्या आधी तिथे ग्रीकांचा अंमल होता. म्हणून इराकात दोन कानांचे, ग्रीक घाटाचे घडे मिळतात. पण त्यांवर झिलई तिथलीच. घाट पाहुण्यांचा, झिलई घरची!

मात्र नुसता घाट पाहून भागत नाही. मडके परगावाहून आले, की इथल्याच कुंभाराने नक्कल केली? हे माती सांगते. मातीत त्या त्या जागेची वाळू आणि खडे असतात.

पारख चुकली, तर इतिहासही चुकतो. आपल्या मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर लांबट रांजणांची खापरे मिळाली. असे तुकडे भारतात पूर्वी रोमन समजले जात. नीट तपासल्यावर कळले, की त्यांतले पुष्कळ इराण-इराककडचे आहेत. त्यांना आतून डांबर लावलेले असते. असे रांजण पार्थियन राज्याच्या अखेरीपासून पुढे कित्येक शतके वापरात होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कोणाचा माल येत होता, ते या खापरांनी सांगितले.

पण खापर बोलते ते आपल्या जागेवरून. कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाले, यावरून त्याचा काळ ठरतो. जागेवरून उचललेले खापर म्हणजे पोथीतून सुटलेले पान. म्हणून शेतात जुनी खापरे निघाली, तर ती हलवू नयेत, जाणत्यांना कळवावे.

शेवटी एक गंमत सांगतो. तुर्कमेनिस्तानात निसा येथे पार्थियनांचे एक जुने ठाणे होते. तिथे शाईने लिहिलेली दोन हजारांहून जास्त खापरे सापडली. त्यांवर काय होते? कोणत्या मळ्यातून किती द्राक्षाचे मद्य आले, त्याचा हिशेब! राजांचा इतिहास हरवला. पण कारकुनाने फुटक्या खापरावर लिहिलेली चार अक्षरे टिकली.