आठव्या महिन्याची भीती

(अबू हमूर, दोहा येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पुण्याची वसंत व्याख्यानमाला भर उन्हाळ्यात भरते. इथे तसा हट्ट धरला, तर पार्किंगपासून सभागृहाच्या दारापर्यंत येतानाच वक्ता आणि श्रोते दोघेही गळून जातील. म्हणून आपली माला थंडीतली. विषय मात्र मी असा घेतला आहे, की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो कधी ना कधी निघालाच असेल.

लेकीला किंवा सुनेला आठवा लागला, की घरातल्या मोठ्या बायका जरा जास्तच जपायला लागतात. प्रवास नको, दगदग नको. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. आणि हे काही फक्त आपल्याच आज्यांचं म्हणणं नाही. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकग्रंथ चालत आले, त्यांत आठमाशी गर्भावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. दोन हजारांहून अधिक वर्षं टिकलेला हा समज साफ चुकीचा आहे. आठव्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्या बाळापेक्षा नेहमीच जास्त असते.

मग हा समज टिकला कसा? माझा एक तर्क सांगतो, रागावू नका. लग्नाला जेमतेम सात महिने झालेले असताना तीन किलोचं गुटगुटीत बाळ जन्मलं, तर गावाला काय सांगतात? सातव्यातलं आहे. आणि ते अर्थातच जगतं. अशा चार बाळांनी सातव्या महिन्याची अब्रू राखली असणार.

एरवी आपल्या पूर्वजांचा हिशेब पक्का होता. नऊ महिने म्हणजे सुमारे २७४ दिवस, त्यांत वरचे नऊ दिवस मिळवा, झाले २८३. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टर २८० मोजतात. या दिवसांत बाळाचे सगळेच अवयव तयार होतात, पण सर्वांत उशिरा कामाला लागणाऱ्यांत फुफ्फुसं येतात. पोटात असताना ती पाण्याने भरलेली असतात, श्वास घ्यायची गरजच नसते. बाहेर आल्यावर मात्र काही मिनिटांत ते पाणी हटवून त्यांना हवा भरून घ्यावी लागते.

जन्मताना बाळाच्या फुफ्फुसात काही कोटी वायुकोश असतात, मोठ्या माणसात तीस ते पन्नास कोटींच्या घरात. एकेक वायुकोश पाव मिलिमीटरहूनही लहान आणि आतून ओला. धुवून वाळत घातलेली प्लास्टिकची पिशवी आतून कशी चिकटून बसते, उघडता उघडत नाही, तसंच इथे होऊ शकतं. पाण्याचा पृष्ठताण वायुकोशाला मिटवू पाहतो, आणि वायुकोश जितका लहान तितकी ती ओढ जास्त. उपाय म्हणून शरीर पाण्यावर एक अतिशय पातळ थर पसरतं. तो पृष्ठताण जवळजवळ शून्यावर आणतो. हेच सरफॅक्टंट. त्यात सुमारे नव्वद टक्के स्निग्ध पदार्थ आणि उरलेली प्रथिनं. ते तयार करणाऱ्या पेशी चोविसाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात, आणि पुरेसा साठा व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात.

फुफ्फुस फुगताना पृष्ठताणच आडवा येतो, हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्ये दाखवलं होतं. डुकराच्या फुफ्फुसात हवा भरायला जेवढा दाब लागतो, त्याहून कितीतरी कमी दाबात द्रव भरता येतो, एवढा साधा प्रयोग. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढचा धागा सापडला तो युद्धाच्या कामातून. इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन इथे रिचर्ड पॅटल विषारी वायूंनी फुफ्फुसात होणारा फेस अभ्यासत होते. हे बुडबुडे फुटतच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९५५ मध्ये त्यांनी ते छापलं. अमेरिकेच्या लष्करी रासायनिक केंद्रात जॉन क्लेमंट्स यांनी १९५७ मध्ये तो पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. माणसं मारायच्या वायूंचा अभ्यास करता करता बाळं वाचवायची गुरुकिल्ली हाती लागली, यावर काय बोलावं मला कळत नाही.

बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टरीणबाईंनी क्लेमंट्सचं काम वाचलं. जन्मल्यावर काही तासांत धापा टाकत दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुफ्फुसं त्यांनी जेरे मीड यांच्याबरोबर तपासली. १९५९ मध्ये त्यांनी सांगितलं, की या बाळांत तो थरच नाही. तोवर लोक समजत होते की वायुकोशात दिसणारा काचेसारखा पडदा हाच रोग. चार वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला. राष्ट्राध्यक्षाच्या घरीही तेव्हा उपाय नव्हता.

आता प्रथिनांकडे येतो. ती चार आहेत : ए, बी, सी आणि डी. बी आणि सी त्या थराला पसरायला मदत करतात. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक असलं तरी ‘बी’शिवाय चालतच नाही. १९९३ मध्ये असं एक कुटुंब समोर आलं, जिथे दिवस पूर्ण भरलेली बाळंही श्वासाअभावी दगावत होती, कारण आई आणि बाबा दोघांकडून आलेली या प्रथिनाची जनुकं सदोष होती. हा दोष फार दुर्मिळ आहे. पण आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न करायची रीत कितीतरी समाजांत आहे, इरावती कर्व्यांनी ती नोंदवून ठेवली आहे, आणि या देशातही नात्यात लग्नं होतात. अशा लग्नांत तोच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. घरात आधीचं बाळ दिवस भरूनही श्वासाने गेलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका. अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांना तिथूनच धागा मिळतो.

बी आणि ए या दोन्हींचं उत्पादन इन्शुलिनमुळे मंदावतं, असं मानवी गर्भाच्या फुफ्फुसाच्या ऊतींवर दिसलं आहे. गरोदरपणात आईची साखर वाढली की बाळ स्वतः जास्त इन्शुलिन बनवतं. म्हणून मधुमेही आईचं बाळ वजनाने चांगलं, टम्म असलं, तरी त्याचं फुफ्फुस मागे असू शकतं. बाळसं बघून फसू नका. आपण भारतीय, बैठं काम, गाडीशिवाय पाऊल नाही, आणि वर खजूर. साखरेची तपासणी टाळू नका.

ए आणि डी यांचं मुख्य काम वेगळं, पहारेकऱ्याचं. जंतू आणि बुरशीला चिकटून ती त्यांना संरक्षक पेशींच्या हवाली करतात. डी प्रथिनावर आपल्या मुंबईतही बरंच काम झालं आहे, परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत, डॉ. तरुणा मदान यांच्या गटाकडून. प्रजननाच्या संस्थेत फुफ्फुसाचं प्रथिन कशाला, असं वाटेल. पण हे प्रथिन प्रजननमार्गातही सापडतं. पवईच्या आयआयटीत डॉ. रिंटी बॅनर्जी आणि डॉ. जयेश बेल्लारे यांनी तर २००१ मध्ये लवंगेचं तेल आणि फॉस्फोलिपिड यांचं मिश्रण बाजारातल्या सरफॅक्टंटशी ताडून पाहिलं. ते सगळं प्रयोगशाळेतल्या उपकरणावर, बाळावर नव्हे. तेव्हा कृपा करून घरी गेल्यावर लवंगेची बाटली काढू नका.

ए प्रथिनाची गंमत आणखी पुढे जाते. कॅरोल मेंडेलसन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवलं, की उंदरात गर्भाच्या फुफ्फुसातून स्रवणारं हे प्रथिन गर्भजलात येतं आणि प्रसूती सुरू होण्याचा इशारा देतं. म्हणजे फुफ्फुस तयार झालं की बाळच आत निरोप धाडतं. माणसात असंच घडतं का, याचा निकाल अजून लागायचा आहे.

बाहेरून सरफॅक्टंट देण्याची युक्ती जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये दहा बाळांवर यशस्वी केली. आजची औषधं गाईगुरांच्या किंवा डुकरांच्या फुफ्फुसातून काढतात. सर्व्हान्टा पहिल्या प्रकारचं, क्युरोसर्फ दुसऱ्या. आपल्या सभागृहात यावर कुणाच्या कपाळाला आठ्या पडल्या, तर शेजारच्या मोहल्ल्यातही पडत असतील. बाळ निळं पडायला लागल्यावर त्या आठ्या आपोआप जातात. हे औषध महाग आहे आणि श्वासनळीत सोडावं लागतं, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, एनआयसीयू, हवा. अबू हमूरकरांना हमदचं विमेन्स सेंटर आणि सिद्रा ही रुग्णालयं गाडीने जवळ आहेत. मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्याला ते जमत नाही.

त्या खेड्यासाठी काय? १९६९ मध्ये न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर प्रयोग करताना पाहिलं, की पोटात असतानाच स्टिरॉइड दिलेलं अपुऱ्या दिवसांचं कोकरू, जे मरायला हवं होतं, ते श्वास घेत पडलेलं आहे. १९७२ मध्ये रॉस हॉवी यांच्याबरोबर त्यांनी तेच गरोदर बायकांवर करून दाखवलं. अवेळी कळा सुरू झालेल्या आईला इंजेक्शन दिलं की बाळाचं फुफ्फुस लवकर तयार होतं. औषध अगदी स्वस्त. मग ते गावोगावी पोचवा, इतकं सोपं वाटतं ना?

वाटलं होतं सगळ्यांना. सहा देशांत मोठी चाचणी झाली, तिच्यात आपल्या जवळची दोन ठिकाणं होती, नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख जन्म मोजले गेले. निकाल छापून आला आणि लोक चक्रावले. ज्या लहानखुऱ्या बाळांसाठी हा खटाटोप होता, त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गही जास्त दिसला. कारणांवर वाद झाले, पण एक गोष्ट उघड होती. गावपातळीवर दिवस किती झाले हे नीट कळत नव्हतं. सोनोग्राफी नाही, पोटाची उंची टेपने मोजायची. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी जणींचं बाळंतपण पुढे दिवस भरूनच झालं. त्यांच्या बाळांना स्टिरॉइडची गरजच नव्हती.

मग जागतिक आरोग्य संघटनेने तेच औषध पुन्हा तपासलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया इथल्या २९ रुग्णालयांत २,८५२ बायका, बेळगावचे डॉक्टर याही वेळी सोबत. फरक एवढाच, की या वेळी दिवस सोनोग्राफीने ठरवलेले होते आणि जवळ बाळांची देखभाल होती. २०२० मध्ये निकाल आला. नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर. म्हणजे पंचवीस जणींना दिलं तर एक बाळ जास्त वाचलं. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. इंजेक्शन तेच, खेड्यात तोट्याचं ठरलेलं, आणि दवाखान्यात जीव वाचवणारं. माझ्या मते या सबंध विषयात यापेक्षा महत्त्वाचा निकाल दुसरा नाही, आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी.

आता तुमच्याकडे येतो. इथून बरीच लेकरं आईच्या पोटात बसून माहेरी जातात, पुण्याला, नाशकाला, कोल्हापूरला. तिकडचे डॉक्टर नवे, फाईल नवी. शिवाय तारखा ठरतात त्या आजीच्या व्हिसावर, जावईबापूंच्या रजेवर, नाहीतर ज्योतिषाने काढलेल्या मुहूर्तावर. सीझर ठरलेलं असेल आणि वैद्यकीय कारण नसेल, तर ३९ आठवड्यांआधी करू नये. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, आधी सीझर झालेल्या आयांचं ३७व्या आठवड्यात केलेलं सीझर बाळाला ३९व्याच्या जवळपास दुप्पट धोक्याचं ठरलं, आणि तो धोका बराचसा श्वासाचाच. कळा आल्या की फुफ्फुसातलं पाणी ओसरायला लागतं. मुहूर्तवाल्या बाळाला ती संधीच मिळत नाही. गुरुपुष्यामृत साधायच्या नादात लेकरू पेटीत ठेवावं लागलं, तर ते गुरुजी एनआयसीयूत येऊन बसणार नाहीत.

पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची. पाळीची तारीख विसरलेली असली तरी ती तारीख सांगते. पुढे कळा अवेळी सुरू झाल्या, तर इंजेक्शन द्यायचं की नाही, हे डॉक्टर त्या एका कागदावरून ठरवतील. हमदमध्ये झालेली असो वा खासगी दवाखान्यात, तिची छापील प्रत मागून घ्या, मोबाइलवर तिचा फोटो ठेवा, आणि विमानात ती फाईल हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात टाकू नका, मुंबईला ते सामान कधी येतं ते तुम्हाला माहीत आहेच. आता प्रश्न विचारा.