औंधची राज्यघटना आणि मताचे मोल

(औंध येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



विधानसभेच्या निवडणुकीची चर्चा आपल्याकडे निकालापासून सुरू होते आणि निकालापाशीच संपते. कोणाच्या किती जागा आल्या, कोणता बालेकिल्ला ढासळला, कोणी कोणाचे पाय ओढले, याचे हिशेब महिनोन्‌महिने चालतात. परंतु मत देऊन घरी परतलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या दिवशी कोणती सत्ता उरली, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडायला औंधइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नाही. याच भूमीवर १९३९ साली निवडणुकीची एक निराळी रचना अंमलात आली होती आणि ती केवळ कागदावर राहिली नव्हती.

औंध संस्थान आकाराने लहान होते. ७२ गावे, सुमारे ५०० चौरस मैल प्रदेश, सुमारे ७५ हजार लोकवस्ती. हा प्रदेशही सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ हे त्याचे चार तालुके एकमेकांपासून तुटून ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. यांपैकी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत, तर गुणदाळ कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात गेले आहे. बहुतेक मुलूख दुष्काळी. कुंडलच्या परिसरात १९१० पासून किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, हा त्यातल्या त्यात अपवाद.

या संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. या घोषणेमागे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची प्रेरणा होती. घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अंमलात आली. अप्पासाहेब संस्थानचे पंतप्रधान झाले. त्याच सुमारास राजकोटमध्ये ठाकूरसाहेबांनी प्रजेला दिलेला शब्द मोडल्यामुळे संघर्ष चिघळला होता आणि मार्चमध्ये खुद्द गांधीजींना तेथे उपोषण करावे लागले. ही तुलना ध्यानात घेतली म्हणजे औंधच्या निर्णयाचे वेगळेपण उमगते.

त्या घटनेतील निवडणुकीची रचना अशी होती. प्रत्येक गावाने पाच पंचांची पंचायत निवडावयाची. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती बनावयाची. तालुका समित्यांनी आपल्यातून जे प्रतिनिधी पाठवावयाचे, त्यांचे संस्थानचे विधिमंडळ व्हावयाचे, आणि मंत्री या विधिमंडळाला जबाबदार राहावयाचे. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहात जो बसे, तो प्रथम आपल्या गावाचा पंच असे. त्याचे मतदार त्याच्याच गल्लीत, त्याच्याच पाणवठ्यावर त्याला रोज भेटत. निवडणुकीला खर्च जवळजवळ नव्हता, कारण उमेदवाराची ओळख करून देण्याची गरजच नव्हती.

परंतु रचनेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पंचायतीला नुसते नाव देऊन घटनाकार थांबले नाहीत, त्यांनी तिच्या हाती काम दिले. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे ठरले. प्राथमिक न्यायदान गावातच, विनामूल्य आणि सोप्या पद्धतीने व्हावे असे ठरले. महसुलाचा मोठा वाटा खालच्या संस्थांकडे राहावा अशी तरतूद झाली. शाळेचे छप्पर गळू लागले तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार, पैसा आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्याने खर्च ठरवायचा, ज्याने तो सोसायचा आणि ज्याला त्याचा लाभ व्हायचा, ते तिघेही एकमेकांच्या नजरेसमोर होते. मताला मोल येते ते येथे.

या प्रयोगाचे गुणगान करताना त्यातील उणिवा झाकणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. पहिली उणीव मोठी होती. मताधिकाराला साक्षरतेची अट होती. गांधीजींनी या अटीचे समर्थन ‘हरिजन’मधून केले होते. मत हा कमावण्याचा हक्क आहे आणि सरकार प्रामाणिक असेल तर ही अटच साक्षरतेला वेग देईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. सहा महिन्यांत निरक्षरता हटवू, असे आश्वासन अप्पासाहेबांनी त्यांना दिले होते. हेतू चांगला होता, यात संशय नाही. परंतु त्या काळी निरक्षर कोण होते? बहुतांश स्त्रिया, दलित, शेतमजूर, मेंढपाळ. ज्यांना शाळेची दारे शतकानुशतके बंद होती, त्यांनाच ‘आधी शीक, मग मत दे’ असे सांगण्यात न्याय नव्हता. वंचितांना शिकवण्याची सक्ती शासनावर आणायची असेल, तर त्यासाठी वंचितांच्याच हाती मत असावे लागते.

दुसरी उणीव अप्रत्यक्ष निवडणुकीची. गावाच्या पंचायतीवर ज्या जातीचा आणि ज्या जमीनदारीचा पगडा असेल, तोच पगडा पायरीपायरीने तालुक्यात आणि तेथून विधिमंडळात पोहोचण्याचा धोका या पद्धतीत असतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्यास कठोर शब्दांत नकार दिला आणि व्यक्ती हाच घटक मानला, तो याच अनुभवातून. जयप्रकाशांनी १९५९ साली भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा जो मसुदा मांडला, त्यातही अप्रत्यक्ष निवडणुकीचा पुरस्कार होता, आणि त्यावरही हाच आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे.

तिसरी गोष्ट अशी की ही सत्ता वरून खाली आली होती. एका उदार राजाने ती दिली. प्रजेने ती लढून मिळविलेली नव्हती आणि डोक्यावर ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता कायमच होती. तरीही लोकांनी ती वापरली, हे नाकारता येत नाही. १९४३ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र होते. प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान केले, सावकारांना आणि गावगुंडांना आवर घातला. ते संस्थानच्या घटनेचे अपत्य होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु गावाने आपला कारभार स्वतः करावा, ही कल्पना या मुलखाला परकी नव्हती, एवढे निश्चित.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. या विलीनीकरणाने काय मिळाले आणि काय गेले? मिळाले ते फार मोठे होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आटपाडीच्या निरक्षर शेतमजूर स्त्रीला ते मत मिळाले, जे १९३९ च्या घटनेने तिला नाकारले होते. ही क्रांती होती आणि तिच्यापासून एक पाऊलही मागे जाणे समाजवाद्यांना मान्य होणार नाही. गेले ते असे की त्या स्त्रीच्या गावाच्या हातात जे थोडेबहुत काम आणि जो थोडाबहुत पैसा होता, तो वर गेला. मत खाली आले आणि सत्ता वर गेली. ही विसंगती पुढच्या साऱ्या काळावर पसरलेली आहे.

ती दूर करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि काही काळ त्यांनी शिक्षण, आरोग्य, शेती या क्षेत्रांत मोलाचे काम केले. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडताना गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांना स्वतःची सत्ता हवी असा आग्रह धरला होता. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. दलित, आदिवासी आणि इतर मागास वर्गांसाठीही जागा राखीव झाल्या. औंधच्या घटनेतील सामाजिक उणीव अशा रीतीने कायद्याने बऱ्याच अंशी भरून निघाली. डॉ. आंबेडकरांनी दाखविलेल्या धोक्यावर उत्तर सापडण्याची शक्यता निर्माण झाली. नेमक्या त्याच वेळी या संस्थांच्या हातातील काम मात्र निसटत गेले.

कसे, ते पाहावे. पूर्वीच्या औंध संस्थानचा महाराष्ट्रातील मुलूख आज निरनिराळ्या विधानसभा मतदारसंघांत विभागला गेला आहे. आटपाडी खानापूर मतदारसंघात आहे, कुंडल पलूस-कडेगाव मतदारसंघात आहे, आणि औंध ज्या खटाव तालुक्यात येते तो तालुकाच एकाहून अधिक मतदारसंघांत वाटलेला आहे. २०२४ च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार आणि २८८ मतदारसंघ होते. म्हणजे एका आमदारामागे सरासरी तीन लाख छत्तीस हजारांहून अधिक मतदार. ज्या औंधला स्वतःचे विधिमंडळ होते, त्याची सारी लोकसंख्या यात चार वेळा सामावेल. या आकाराच्या मतदारसंघात उमेदवाराची ओळख गल्लीतून होत नाही. ती पैशाने आणि प्रचारयंत्रणेने करून द्यावी लागते. उमेदवाराच्या खर्चाची अधिकृत मर्यादाच ४० लाख रुपये आहे, आणि प्रत्यक्ष खर्च त्या मर्यादेत राहतो असे छातीठोकपणे सांगणारा कार्यकर्ता या सभेतही मिळणार नाही.

काही अभ्यासक यावर प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा उपाय सुचवतात. त्यात तथ्य आहे. २०२४ च्या विधानसभेत महायुतीतील तीन प्रमुख पक्षांना मिळून सुमारे ४८ टक्के मते आणि २३० जागा मिळाल्या. महाविकास आघाडीतील तीन प्रमुख पक्षांना सुमारे ३४ टक्के मते मिळूनही जागा अवघ्या ४६ मिळाल्या. मते आणि जागा यांतील ही दरी लोकशाहीला भूषणावह नाही. परंतु प्रमाणशीर पद्धतीने सभागृहातील बाकांची वाटणी बदलेल, गावाच्या शाळेचे छप्पर कोणाच्या हुकमाने दुरुस्त होते हे बदलणार नाही. रोग त्याहून खोल आहे.

आज आमदाराला स्थानिक विकासासाठी दरवर्षी पाच कोटी रुपयांचा निधी मिळतो. त्यातून समाजमंदिर, गल्लीतला रस्ता, व्यायामशाळा अशी कामे होतात. ही कामे नकोत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती पंचायतीची कामे आहेत. ती आमदाराच्या मर्जीतून होऊ लागली की गावाचा ठराव अर्ज बनतो, सरपंच अर्जदार बनतो आणि मतदार उपकृत बनतो. विधिमंडळाचे काम कायदे करणे, अंदाजपत्रक तपासणे, मंत्र्यांना जाब विचारणे हे आहे. ते मागे पडते आणि आमदार मोठ्या तालुक्याचा ठेकेदारवजा सरपंच होऊन बसतो. अशा निवडणुकीत मतदार धोरणावर मत देत नाही, तो कामाच्या आशेवर देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या दारात काम आहे त्याच्याच दारात तो जाणार.

खालच्या संस्थांची अवस्था तर याहून वाईट झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर सातारा, सांगलीसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु विधानसभेच्या निवडणुका जशा वेळेवर झाल्या, तशी निकड या निवडणुकांबाबत कोणत्याच सत्ताधाऱ्याला वाटली नाही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. लोकनियुक्त संस्था नसेल तर अनुदान नाही, अशी पंधराव्या वित्त आयोगाची अट होती. म्हणजे निवडणूक लांबली त्याचा दंड पुन्हा गावांनीच भरला. सरपंचाच्या निवडीचेही तसेच. २०१७ मध्ये ती थेट लोकांतून झाली, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. यांतील शेवटचे दोन्ही बदल मुंबईतील सत्तांतरानंतर झाले. कोणत्याही ग्रामसभेला कोणी विचारले नाही.

म्हणून औंधचा धडा नेमका घ्यावा लागेल. साक्षरतेची अट नको, अप्रत्यक्ष निवडणूक नको, राजाचे औदार्य तर नकोच. प्रत्येक प्रौढाचे थेट मत अबाधित राहिले पाहिजे. घ्यावयाचा तो एकच विचार: ज्या संस्थेला लोक निवडतात, तिच्या हाती लोकांच्या नित्याच्या जीवनाचा पैसा आणि निर्णय असला पाहिजे. आमदार निधी बंद करून ती रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात थेट ग्रामपंचायतींना द्यावी, स्थानिक निवडणुका मुदतीत झाल्याच पाहिजेत असे कायद्याचे बंधन सरकारवर असावे, आणि शाळा, दवाखाना, पाणी यांवरील गावाच्या ठरावाला वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी कारणाशिवाय डावलता कामा नये, या तीन मागण्या त्यातून निघतात.

मागण्या करून भागणार नाही. पक्षाचे बळ आज थोडे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. विधानसभेच्या एका जागेसाठी लागणारा पैसा आपल्याकडे नाही आणि तो उभा करण्याच्या नादात पक्षाचा चेहरा बदलल्याची उदाहरणेही डोळ्यांसमोर आहेत. परंतु ग्रामसभेत उभे राहायला पैसा लागत नाही. पंचायतीचा जमाखर्च वाचून त्यावर प्रश्न विचारायला अभ्यास लागतो आणि चिकाटी लागते. राखीव जागेवर निवडून आलेल्या भगिनीच्या खुर्चीवर तिचा नवरा किंवा दीर बसत असेल, तर भर सभेत त्याला उठवायला धैर्य लागते. खटाव, आटपाडी आणि पलूस या तीन तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी निदान दहा-दहा गावे निवडून पुढील प्रत्येक ग्रामसभेला हजर राहावे, त्या गावांचा जमाखर्च फळ्यावर लिहून चावडीवर लावावा, आणि पुढच्या विधानसभेच्या वेळी प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराकडून आमदार निधीविषयी जाहीर उत्तर घ्यावे.

१९३९ साली या मुलखातील ७२ गावांनी आपला कारभार आपण चालविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांतील बहुसंख्य माणसांना अक्षरओळखही नव्हती. आज घरोघरी शिकलेली मुले आहेत, प्रत्येकाला मत आहे, निम्म्या जागांवर स्त्रिया आहेत. उणीव आहे ती फक्त त्या मतामागे सत्ता उभी करण्याची. ते काम मुंबईत होणार नाही. ते येथूनच सुरू करावे लागेल.