टायलरच्या शाळेतला खटला

कागदपत्रांविना राहणाऱ्या कुटुंबांवरून अमेरिकेत चालणारा वाद जुना आहे. बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करायचा नाही, असं टेक्सास राज्यानं 1975 साली ठरवलं. पुढे टायलर गावातल्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला हजार डॉलर फी मागितली. मजुरीवर जगणाऱ्यांना ती परवडणार कुठून? काही मेक्सिकन कुटुंबं नाव गुप्त ठेवून कोर्टात गेली. ओळख फुटू नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली. तरी गाडीत सामान भरूनच लोक आले होते; न जाणो, तिथूनच हद्दपारी व्हायची! अखेर 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी शाळेची दारं उघडली. आईबापांच्या कृत्याचा भार मुलांवर नको, हा त्यामागचा विचार.

पण शाळा संपल्यावर काय? 2012 मध्ये ओबामा सरकारनं लहानपणी आलेल्या, कागदपत्रांविना राहणाऱ्यांना दोन-दोन वर्षांचं संरक्षण आणि कामाचा परवाना देऊ केला, नागरिकत्व नाही. असं संरक्षण देणं हे संसदेचं काम आहे, आणि ग्रीन कार्डसाठी रीतसर रांगेत थांबलेल्यांचं काय, हा विरोधकांचा सवाल पोकळ नव्हे. त्या रांगेत आपली आयटीतली मराठी घरंही आहेत. त्यांच्या मुलांनी एकविशी गाठली, की आईवडिलांच्या व्हिसाचा आधार सुटतो. आणि ती रीतसर राहत आलेली, म्हणून ओबामांच्या योजनेतही बसत नाहीत.