उत्तर सांगू नका, सर!



शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी उपदेश करायचा असतो. मी गणित घालणार आहे. ३, ५, २, ४ हे अंक घ्या. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ जागचा हलत नाही. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथेच येते.

हे १९४९ साली शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीचे शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी कागद-पेन्सिल. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच जुनं नाव दिलं, डेम्लो संख्या. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ कसे चढतात-उतरतात बघा! आपल्याकडे अनेकांनी हे हसण्यावारी नेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

शिक्षकहो, वर्गात हा खेळ घेताना मी ६१७४ आधी सांगत नाही. सांगितलं की पोरं हातचा चुकवूनसुद्धा उत्तर जुळवतात! नाही सांगितलं, तर मागच्या बाकावरून येतं, ‘सर, ०३७८ मधलं शून्य धरायचं का?’ कुणी विचारते, ‘प्रत्येक वजाबाकीला नऊने भाग कसा जातो?’ हा प्रश्न गाइडात नसतो. पोर्शनची घाई मलाही ठाऊक आहे. तरी पाच मिनिटं काढा. ‘सहा चोक किती’ ऐवजी एखादे दिवशी म्हणा, ‘उत्तर २४ आहे, गणित तुम्ही तयार करा.’ काही गणितं चुकतील. ती लगेच पुसू नका, कुठे चुकलं ते वर्गालाच शोधू द्या.

पालकांनो, प्रोजेक्टच्या आदल्या रात्री थर्माकोल कोण कापतं, हे इथल्या प्रत्येक बाईंना कळतं. मुलाचा वाकडातिकडा तक्ता तसाच येऊ द्या. मार्क एखादा कमी पडेल, पडू द्या.

आणि मुलांनो, घरी तीन अंकी संख्या घेऊन हाच खेळ खेळा. तिथेही गाडी एका आकड्यावर थांबते. कोणत्या, ते मी सांगणार नाही. सर, बाई, तुम्हीही सांगू नका. मोबाइलवर शोधायचं नाही, आणि आजच्या कार्यक्रमासाठी नाच बसवलेल्यांनी हे उद्या केलं तरी चालेल!