खजूर आणि स्मृतिचित्रे

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. तिथं उन्हाळ्यातला रमजान फार जड जातो. अशाच एका दुपारी मी आतल्या खोलीत जाऊन गुपचूप तांब्याभर पाणी प्यालो, आणि संध्याकाळी रोजा सोडणाऱ्यांच्या पंगतीत बसलो. शेजारच्या चाचांनी पहिला खजूर माझ्याच हातावर ठेवला. "कवी असून रोजे धरतो," म्हणाले. मी मान खाली घालून खाल्ला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काढलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण सोवळं सोडलं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून ख्रिस्ती झाल्याचं सोंग त्यांना सहज करता आलं असतं. जाती माणसानं केल्या हे मनाला पटलं, तेव्हाच त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी चालेल असं ठरवलं. १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सगळं गोड झालं, असंही बाई म्हणत नाहीत. टिळकांचा संताप, घरातली भांडणं, स्वतःची फजिती, सारं हसत सांगतात. धर्मात आल्यावर जुनं पाप आणि नवं पुण्य दोन्ही फुगवून सांगणारे पुष्कळ असतात. (हजहून आलेले आमचेही काही जण!) बाई त्यातल्या नव्हेत.

दुसऱ्या दिवशी चाचांना पाण्याचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कालचा खजूर कसा लागला रे?"