अपघात नागपूरकडे, दावा आपल्या जिल्ह्यात



१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. तरी आपला दवाखाना, बाजार आणि सोयरीक नागपूरलाच. पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा, दोन्ही रस्ते सावनेरला मिळतात. त्या वाटेवर आपला माणूस जखमी झाला, की आपण समजतो, आता कोर्टाच्या खेटाही नागपूरलाच घालायच्या. म्हणून कित्येक घरे दावाच करीत नाहीत.

हा गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथल्या दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. घरचा जिल्हा निवडण्याचा हक्क आपला आहे.

मात्र कागद तिकडचे. महाराष्ट्र पोलिसांचा एफआयआर आणि पंचनामा मराठीत असतो, आपल्या कोर्टाचे काम हिंदीत चालते. मराठी आपल्याला येते म्हणून गाफील राहू नका. नकला लगेच घ्या, हिंदी भाषांतर करून ठेवा. औषधाची प्रत्येक पावती, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे जपा.

२०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण त्याच्या भरवशावर बसू नये. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसील किंवा एसडीएम कार्यालयात करावा.

भरपाई म्हणजे नुसते दवाखान्याचे बिल नव्हे. संत्र्याच्या बागेत तोडणी करणाऱ्याचा पाय निकामी झाला, तर प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के असले तरी त्याची कमाई त्याहून कितीतरी जास्त बुडते. ही बुडालेली कमाईच मोजली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. म्हणून तो काय काम करीत होता, त्याचा पुरावा द्या, आणि डॉक्टरांची साक्ष होऊ द्या.

लोक अदालतीत तडजोड जरूर करावी, पण समजून. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत जबलपूरच्या उच्च न्यायालयात जाता येते. घाईत सही करू नका. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला आकडा वाचायला लावा.

मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण सर्वांनी एकच विचारू या: ठाण्यातून अहवाल वेळेवर जातो का आणि जखमीला त्याची प्रत मिळते का? ही काही मेहरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे.

जय हिंद!