शिळेवरचे चित्र

जबलपूरच्या मनुष्यास दगडाचे कौतुक सांगणे म्हणजे काशीकरास गंगेचे माहात्म्य सांगण्यापैकीच होय. भेडाघाटास नर्मदेच्या दोहों बाजूंना संगमरवराचे कडे उभे आहेत. असे असूनही याच नगरीतील कलाविद्यार्थ्यास शिळामुद्रण शिकावयाचे झाल्यास हा घरचा दगड त्याच्या उपयोगी पडत नाही. चुनखडकावर उष्णता आणि दाब यांचे संस्कार होऊन संगमरवर बनतो. त्या संस्कारात त्याचे कण मोठे, स्फटिकमय होतात. मुद्रणास हवा असतो तो अतिशय बारीक, एकजीव कणांचा असंस्कृत चुनखडक. बव्हेरियातील सोल्नहोफेनची शिळा याबाबतीत नामांकित आहे. सौंदर्याच्या पंक्तीत संगमरवर मानाच्या पाटावर बसतो. छापखान्यात मात्र त्याला कोणी विचारीत नाही!

तेल व पाणी यांचे वैर एवढ्याच तत्त्वावर आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या उभारली. स्निग्ध खडूने शिळेवर चित्र काढावयाचे, डिंक व किंचित आम्ल यांनी ते पक्के करावयाचे आणि ओल्या शिळेवरून शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई रेषेला धरते, ओल्या जागेला धरीत नाही. मराठी मनुष्यास ही विद्या नवखी नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, तेही याच रीतीने.

जबलपूरच्या एका चित्रकाराचे हस्तकौशल्य तर या विद्येनेच देशभर गेले. भारतीय घटनेच्या उद्देशिकेचे पान नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिंह यांनी सजविले. त्या हस्तलिखित घटनेच्या एक हजार प्रती डेहराडून येथे सर्वे ऑफ इंडियाच्या छापखान्यात प्रकाश-शिळामुद्रणाने निघाल्या. नंदलालांचे दुसरे शिष्य अमृतलाल वेगड यांनी जबलपूरच्या शासकीय कला-संस्थेत अध्यापन केले. रंगीत कागद कातरून त्यांनी नर्मदेची जी चित्रे रचली, ती पाहताना लिनोच्या ठशातील धीट, सपाट आकारांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत विद्यार्थी ठसा उमटविण्यास शिकतो. चित्र उलटे काढावे लागते, जस्ताचा पत्रा आम्लात किती वेळ ठेवावा याचा अंदाज बांधावा लागतो, कागद नेमका दमट करावा लागतो. वरच्या वर्गात प्रश्न पालटतो. हे चित्र ठशाचेच का व्हावे, कुंचल्याने का होऊ नये, याचे उत्तर त्यास द्यावे लागते. येथेच पुष्कळ जण अडखळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण हे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. शांतिनिकेतनातून पॅरिसला गेलेल्या कृष्ण रेड्डी यांनी ते पत्र्यातच शोधले. एकाच पत्र्यावर निरनिराळ्या खोलीचे स्तर कोरून, पातळ व दाट शाया मऊ व कठीण रुळांनी चढवून, अनेक रंग एकाच दाबात उतरविण्याची रीत हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत विकसित झाली. तीत रेड्डींचा वाटा मोठा होता. असे रंग कुंचल्याने साधते ना.

पदवी हाती पडली की खरी अडचण सुरू होते. चित्रकार आपली रंगपेटी उचलून घरी जातो. ठसेकाराने आपले यंत्र कसे न्यावे? जाड लोखंडी रुळांचे ते धूड भाड्याच्या खोलीत मावत नाही, आणि घरमालक आम्लाच्या वाफांना राजी होत नाही. संस्थेचे दार मिटले की हात रिकामे! भोपाळच्या भारत भवनात १९८२ नंतर मुद्राचित्रणाची कार्यशाळा झाली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे. परंतु भोपाळ जबलपूरहून सुमारे ३०० किलोमीटर दूर. नोकरी सांभाळणाऱ्यास तेथे वरचेवर जाणे कसे परवडावे?

अशा वेळी काही जण लिनोकडे वळतात. नंदलालांनी दांडीयात्रेस निघालेले गांधीजी १९३० साली लिनोवरच कोरले होते. त्यास ना आम्ल लागते, ना रूळयंत्र. कोरलेल्या तुकड्यावर शाई लावावयाची, वर पातळ कागद पसरावयाचा आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याच्या पाठीने तो सावकाश घासावयाचा. एक प्रत उतरावयास बराच वेळ लागतो, आणि दंड भरून येतो. कागदाचा कोपरा उचलून पाहावे तो काळ्या कड्यांमधून पांढरी नर्मदा वाहताना दिसते. मात्र उलटी कोरावयाचे विसरले असल्यास ती पश्चिमेऐवजी पूर्वेस निघालेली असते, आणि सारे पुन्हा कोरावे लागते.